पडवीपर्यंतची परवानगी

आमच्या घरात तो माणूस शिरला नव्हता. आम्हीच त्याला आणलं होतं. हे मी त्या वर्षी इतक्या जणांना सांगितलं, की पुढे पुढे सांगताना माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला. आळीतल्या बायकांना सांगितलं, पेठेच्या चावडीवर कारकुनाला सांगितलं, पंचांना सांगितलं, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस यजमान मोहिमेवरून परत आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. प्रत्येकाला ते अगदी पहिल्यापासून हवं असे. वडिलांनी लहानपणी हौसेनं अक्षर शिकवलं होतं, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते आहे. पुन्हा तोंडानं सांगायचा मला कंटाळा आला आहे.

यजमान एका सरदाराच्या पथकात कारकून होते. दसरा झाला की पथक पुण्याबाहेर पडे आणि पाऊस तोंडावर आला की परते. मधले सगळे महिने बुधवारातल्या घरात आम्ही तिघी असू. मी, यजमानांची विधवा बहीण आणि माझी मुलगी. वन्सं माझ्याहून मोठ्या, स्वभावानं शांत आणि कानानं मंद. मुलीचं लग्न झालं होतं, पण ती अजून सासरी नांदायला गेली नव्हती. घर बेताचंच होतं. रस्त्याकडून दार, आत लहानसं अंगण, अंगणाकडे तोंड केलेली पडवी. पडवीतून मधलं दार ओलांडलं की माजघर, पलीकडे स्वयंपाकघर, मागे परसू आणि आड. पडवी येणाऱ्याजाणाऱ्यांची, माजघर आमचं. हे कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

आदल्या वर्षी मोहिमेवरून परतताना एका नदीला अवेळी पूर आला. यजमानांचं घोडं मधोमध घसरलं आणि ते पाण्यात गेले. पथकातल्या एका शिलेदारानं त्यांच्या अंगरख्याला धरून त्यांना काठापर्यंत ओढत आणलं. ही हकिकत यजमान जेवताना पुन्हा पुन्हा सांगत. सांगताना त्यांचा घास हातातच राही. त्यामुळे भाद्रपदात तो शिलेदार लंगडत आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी त्याला आधी कधी पाहिलेलं नसूनही ओळखलं.

घोड्यावरून पडून त्याच्या पायाचं हाड दुखावलं होतं. यजमान त्याला हाताला धरून आत घेऊन आले, पडवीत घोंगडी अंथरली आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "पाय बरा होईपर्यंत इथं पडवीत राहा. घर तुझंच समज."

माणसं असं बोलतात. मीही कितीदा बोलले असेन.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले, हे सांगितलं पाहिजे. तो कमी बोलणारा होता. जेवणाचं ताट पडवीत नेऊन दिलं की मान खाली घालून जेवायचा आणि आपलं पान आपण उचलायचा. पाय थोडा टेकायला लागल्यावर त्यानं आडावरचा कुरकुरणारा रहाट नीट करून दिला, पडवीवरची सरकलेली कौलं बसवली. वन्सं म्हणाल्या, घरात पुरुषमाणूस असलेला बरा. दसरा झाला, पथक निघालं. त्याचा पाय अजून पुरता भरला नव्हता, म्हणून तो मागे राहिला. निघताना यजमान त्याला म्हणाले, "घराकडे लक्ष असू दे." मला काहीच म्हणाले नाहीत. घराकडे लक्ष असणं हे माझं रोजचंच होतं.

दिवाळी झाली. पाय बरा झाला. तो घोड्यावर बसून नदीवर जाऊ लागला, सगळी आळी ते पाहत होती. मला वाटलं, आता निरोप घेईल. त्यानं घेतला नाही. उलट घोडं जे इतके दिवस बाहेर कुणाच्या तरी तबेल्यात होतं, ते एके दिवशी आमच्या परसात बांधलेलं दिसलं. मग त्याचे ओळखीचे लोक यायला लागले. दुपारी पडवीत सोंगट्यांचा पट मांडून बसत. तंबाखूच्या पिंका अंगणात पडत. मुलगी आणि मी पुढच्या दारानं जायचं सोडून परसदारच्या बोळानं ये-जा करू लागलो. आपल्याच घरातून मागच्या दारानं बाहेर पडायची आपल्याला सवय झाली आहे, हे माझ्या लक्षात यायलाही काही दिवस गेले.

तो कधी निघणार, हे एकदा वन्संना मध्ये घालून विचारलं. त्यांनी काय विचारलं कुणास ठाऊक, परत येऊन म्हणाल्या, "त्याला थंडी वाजते म्हणतो. एक कांबळं दे."

मग संक्रांत झाल्यावर वन्संना शेजारी घेऊन मीच मधल्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आपला पाय आता बरा झाला. घरात आम्ही तिघी बायका. आता आपण दुसरीकडे सोय पाहावी."

त्यानं वर पाहिलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. "वैनीबाई, धनी येऊ द्या," तो म्हणाला. "त्यांनी बसवलंया, त्यांनीच उठवावं. तुमी कशाला तरास घेता?"

मी आत गेले. त्या संध्याकाळी भाकऱ्या करताना मला फार थकल्यासारखं वाटलं. भांडण झालं असतं तर बरं, असं वाटलं. भांडणात निदान दोन बाजू असतात.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी हळदीकुंकवाला गेले होते. वन्सं परसात उन्हाला पडल्या होत्या, त्यांचा डोळा लागला होता. मुलगी माजघरात वाती वळत बसली होती. पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. मधलं दार ढकललं गेलं आणि तो आत आला. भिंती पाहिल्या, कोनाडे पाहिले, आणि यजमानांच्या बैठकीवर लोडाला टेकून बसला. "चालू दे तुजं, पोरी," म्हणाला. मुलगी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी घातली. तो बसूनच राहिला. तिला दाराच्या फटीतून त्याचे पाय दिसत होते.

पडवी रिकामी दिसली म्हणून त्या दिवशी मी पुढच्या दारानंच आत आले, तेव्हा तो तसाच बसलेला होता. मला पाहून सावकाश उठला.

"आत ऊब हाय," तो म्हणाला. "म्हणलं बघावं, आतनं घर कसं दिसतंया."

आणि माझ्या बाजूनं, अंग चोरून, अगदी अदबीनं पडवीत निघून गेला.

मी स्वयंपाकघराचं दार वाजवलं. मुलीनं कडी काढायला बराच वेळ लावला. माझा आवाज तिनं ओळखला होता, पण हात चालत नव्हता, असं म्हणाली. वळलेल्या वाती तिच्या मुठीत तशाच होत्या, घामानं भिजून चिकटलेल्या. मी तिला काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "त्यांनी मला काही केलं नाही." हे तिनं मला पुन्हा पुन्हा सांगितलं, जणू तिच्याकडूनच काही चुकलं होतं.

आमच्या शेजारी एक काका राहत. तरुणपणी न्यायाधीशांच्या कचेरीत लिहिण्याचं काम करत असत, आता घरी बसून होते. बोलणं तिरकस, पण माणूस सरळ. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाले, "चोर परवडला. तो निदान घाईत असतो. चला, चावडीवर जाऊ."

"मी?"

"मग काय, मी माझ्या घरात कुणी शिरल्याची फिर्याद करू?"

बायका चावडीवर जात नसत असं नाही. जात. पण परतल्यावर आळीत चार दिवस त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची नजर बदललेली असे. मी पदर घट्ट घेतला आणि काकांच्या मागून चालत गेले. चावडीत गर्दी होती. कुणाची गाय कोंडवाड्यात गेली होती, कुणाची तांब्याची भांडी चोरीला गेली होती. श्रीमंतांच्या वाड्यावरचा दुपारचा चौघडा वाजून गेल्यावर आमची पाळी आली. कारकून मध्यमवयाचा होता, डोळे चोळत होता. त्यालाही कंटाळा आला असावा.

"काय गेलं?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"कडी-कुलूप काही तोडलं?"

"नाही."

"कुणाच्या अंगाला हात लावला?"

"नाही."

त्यानं लेखणी कागदावरून उचलली. "मग बाई, फिर्याद कशाची लिहू?"

"तो आत आला, त्याची."

कारकुनानं काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "आपल्याला काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून गुन्हा झाला नाही असं तर नाही ना?"

कारकून हसला नाही, पण नीट बसला. मग त्यानं जे विचारलं, ते मला आजही सगळं आठवतं, कारण इतक्या दिवसांत प्रथमच कुणीतरी मला कामाचं काही विचारत होतं.

"त्याला घरात कुणी घेतलं?"

"यजमानांनी."

"कुठवर?"

"पडवीत."

"तसं बोलून सांगितलं होतं, का आपलं समजून घ्यायचं?"

मी यजमानांचे शब्द सांगितले. पाय बरा होईपर्यंत पडवीत राहा, हे सांगितलं आणि घर तुझंच समज, हेही सांगितलं. दुसरं वाक्य गाळता आलं असतं, पण ते त्यानं पंचांपुढे सांगितलंच असतं.

"तो म्हणेल, मला घरच दिलं," कारकून म्हणाला.

"हे आपण पाटावर बसलेल्या प्रत्येकाला म्हणतो," काका म्हणाले. "उद्या मी आपल्याकडे आलो आणि आपण तसं म्हणालात, तर आपल्या देवघरात मी अंथरूण टाकू का?"

"आपण टाकाल," कारकून म्हणाला, आणि पुन्हा माझ्याकडे वळला. "जा म्हणून सांगितलं त्याला?"

"सांगितलं."

"कुणासमोर?"

"नणंदेसमोर. पण त्यांना ऐकू कमी येतं."

त्यानं थोडा वेळ कपाळ दाबून धरलं. मग मला समजेल अशा रीतीनं, एकेक शब्द सुटा करत सांगितलं. तो म्हणाला की परवानगीनं आलेला माणूस आला तेव्हा गुन्हेगार नसतो. पण परवानगी म्हणजे काही घराची मालकी नव्हे. ती जेवढ्या जागेपुरती दिली तेवढ्याच जागेची, ज्या कामासाठी दिली तेवढ्याच कामाची. ती काढून घेतली की तोच माणूस त्याच घोंगडीवर बसल्या बसल्या परका होतो. फक्त काढून घेतली हे त्याला चार माणसांत स्पष्ट कळलं पाहिजे, म्हणजे पुढे तो मला ठाऊक नव्हतं असं म्हणू शकत नाही. निघायला थोडी सवड दिली पाहिजे. त्यानंतरही तो राहिला, तर दार न फोडताही तो दार फोडून आल्यासारखाच आहे.

"आणि माजघर?" मी विचारलं.

"माजघराची परवानगी त्याला कधीच नव्हती. तिथं तो कशासाठी गेला, हे आम्ही त्याला विचारू. पाणी मागायला गेला, चुकून गेला, तर दोन शब्द सुनावून सोडू. पण तुम्हाला भिववायला गेला असेल, पाणउतारा करायला, त्रास द्यायला गेला असेल, तर काही नेलं नाही आणि हात लावला नाही म्हणून सुटत नाही. सगळं त्याच्या मनात काय होतं त्यावर आहे."

"त्याच्या मनातलं आपल्याला कसं कळणार?"

"माणसं सांगतात," तो म्हणाला. "राग आला की सांगतात."

मग त्यानं विचारलं, यजमान नसताना घर कोण पाहतं. मी म्हणाले, मी. तर म्हणाला, "मग जा म्हणायचं तुम्हीच. हे काका बोलले आणि तुम्ही आत उभ्या राहिलात, तर उद्या तो म्हणेल मला शेजाऱ्यानं काढलं, घरच्यांचं काही म्हणणं नव्हतं."

काकांच्या मागून मी घरी आले. मला वाटलं होतं चावडीवर जाऊन आलं की ओझं उतरेल. ते फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका कोपऱ्यावरच्या वाण्याला बरोबर घेऊन आले. दोघं अंगणात तुळशीपाशी उभे राहिले. तो पडवीत खोगीर पुसत बसला होता. मी मधल्या दारातून बाहेर आले आणि पडवीच्या पायरीवर उभी राहिले.

"यजमानांनी आपल्याला पाय बरा होईपर्यंत पडवी दिली होती," मी म्हणाले. "पाय बरा झाला. त्यांच्या माघारी घर माझ्याकडे आहे. मी आपल्याला जायला सांगते आहे. रविवारच्या बाजारापर्यंत आपण घोडं आणि सामान घेऊन जावं. त्यानंतर इथं राहायला आमची परवानगी नाही. आणि मधल्या दाराच्या आत यायला ती कधीच नव्हती."

हे मी पाठ केलं होतं. वाण्यानं मान डोलवली, जणू माप बरोबर भरलं होतं.

तो खोगीर पुसायचा थांबला. म्हणाला, "नदीत हात दिला तवा म्या कुणाची परवानगी इचारली न्हाय, वैनीबाई."

मी म्हणाले, "आपले उपकार आहेत. ते मी नाकारत नाही. पण आपण जावं."

"आन् न्हाय गेलो तर?"

"तर चावडीवरचे प्यादे येतील," काका म्हणाले.

"येऊ द्यात की," तो म्हणाला आणि पुन्हा खोगीर पुसायला लागला.

रविवार आला आणि गेला. त्याचं जेवणाचं ताट मी बंद केलं नाही. वन्सं म्हणाल्या, बंद कर. माझ्यानं झालं नाही. यजमानांना ज्या हातानं ओढून काढलं, तो हात रिकाम्या पानावर टेकलेला मला पाहवला नसता. पण ताट मी मधल्या दाराबाहेर ठेवत असे आणि लगेच आतून अडसर घालत असे. मुलगी त्या दिवसांत माझ्या पदराला धरून वावरायची. रात्री झोपताना विचारायची, अडसर घातला का. घातला म्हटलं तरी उठून पाहून यायची.

सोमवारी प्यादे आले. तो शांतपणे उठला, पागोटं बांधलं आणि त्यांच्याबरोबर गेला. आळीतली माणसं दारांत आली होती.

पंचांपुढे मला एका बाजूला, खांबाच्या आड बसवलं होतं. काका आणि वाणी यांनी ऐकलेलं सांगितलं. मुलीला आणायची गरज पडली नाही, हे त्या कारकुनाचे उपकार. तिचं म्हणणं माझ्या तोंडून लिहून घेतलं. मग त्याला विचारलं.

"म्या चोरी केली न्हाय," तो म्हणाला. "कुणाला बोट लावलं न्हाय. त्यांनी सांगावं, लावलं का?"

"नाही लावलं, असंच त्या म्हणतात," कारकून म्हणाला. "जायला सांगितलं ते ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग राहिलास का?"

पंचांतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जायला जागा नव्हती का?"

मला वाटतं, त्या प्रश्नात दया होती, आणि तीच त्याला लागली. त्याचा आवाज चढला नाही, पण तो भरभर बोलायला लागला. बाप मेल्यावर तो मोहिमेवरून गावी गेला तेव्हा थोरल्या भावानं त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. घरात तुझं काही नाही म्हणाला. "तवा मुकाट निघालो. बापाचं घर, आन् म्या पायरीवरनं मागं फिरलो. तवाच ठरिवलं व्हतं, पुन्ना कुणी निघ म्हणलं तर निघायचं न्हाय. ज्याला काढायचं त्यानं उचलून काढावं."

"आणि माजघरात कशाला गेलास?"

"ह्या मला काढाया निघाल्या व्हत्या. म्हणलं, ह्यांना दावावं, की म्या मनात आणलं तर आत बी येऊन बसतो. भ्या वाटलं पायजे, म्हंजी पुन्ना जा म्हणायच्या न्हाईत."

कारकुनानं लिहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला कळलं की हेच वाक्य हवं होतं. दार, कडी, कुलूप, यांतलं काहीच लागलं नाही. त्यानं स्वतःच्या तोंडानं आपलं मन सांगितलं, आणि तिथं गुन्हा उभा राहिला. मला आनंद झाला नाही. खांबाआडून मला त्याची पाठ दिसत होती. अंगरखा खांद्यावर फाटला होता आणि तो मीच मागे दिवाळीत शिवून दिला होता, पुन्हा तिथंच उसवला होता.

त्याला काही दिवस चावडीत बसवून ठेवलं. सरकारात गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरायला लावली. पुन्हा आमच्या आळीत पाऊल टाकणार नाही, असा मुचलका लिहून घेतला आणि त्याच्याच पथकातला एक जण जामीन राहिला. एक प्यादा येऊन घोडं आणि सामान घेऊन गेला. मी पडवी शेणानं सारवली. अंगणातले तंबाखूचे डाग निघाले नाहीत, ते पावसाळ्यात निघाले.

यजमान ज्येष्ठ लागल्यावर परतले. पथकातल्या लोकांकडून त्यांना बातमी आधीच कळली होती. हातपाय धुतले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "त्यानं मला नदीतून काढलं होतं."

"हो."

"आणि तू त्याला चावडीवर उभं केलंस."

"हो."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते ऐकत होते, पण ऐकणं आणि मानणं यांत अंतर असतं. मग त्यांनी मुलीला हाक मारली. तिनं थोडक्यात सांगितलं. सांगताना तिची नजर मधल्या दारावरून हलत नव्हती. यजमानांनी ते पाहिलं. तिला जा म्हणाले.

काही दिवसांनी ते नदी ओलांडून येरवड्याला गेले. तो तिथं कुणाच्या तरी पागेत घोडी सांभाळायला राहिला होता. संध्याकाळी परत आले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. जेवताना आपणहूनच म्हणाले, "तुमच्या घरी कुणी वाईट वागवलं नाही म्हणाला. पण काढलं म्हणाला." मग ताटातला भात कालवत, "उपकार माझ्यावर होते. मी ते तुमच्या जागेतून फेडत होतो. ते माझ्या ध्यानातच आलं नाही." एवढंच. याहून जास्त ते या विषयावर कधी बोलले नाहीत. पुढच्या दसऱ्याला निघताना मात्र काकांच्या ओट्यापाशी थांबले आणि चार माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, की माझ्या माघारी घरात कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, ते घरातून ठरेल. काका म्हणाले, "ते आता सगळ्या पेठेला ठाऊक आहे."

मुलगी त्याच वर्षी सासरी गेली. पहिल्या सणाला माहेरी आली तेव्हा मी तिला विचारलं, घर कसं आहे. तिनं माणसांच्या आधी दारांचं सांगितलं. कुठल्या दाराला आतून कडी आहे, कुठल्याला नाही. मी ऐकून घेतलं.

नंतर आळीतल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या. कुणाचा भाडेकरू हलत नव्हता, कुणाच्या परसातून शेजारी वाट पाडत होता. मी त्यांना तेच विचारत असे, जे मला चावडीवर विचारलं गेलं होतं. आत कुणी घेतलं, कुठवर घेतलं, जा म्हणून कुणासमोर सांगितलं. बऱ्याच जणींचं घरच्या घरी मिटलं. चार माणसांत तोंडानं सांगायचं आहे एवढं कळलं, तरी पुष्कळदा पुरत असे.

एकदा मात्र नाही पुरलं. पलीकडच्या आळीतली एक बाई आली. नवरा गेल्यावर धाकटा दीर बायकामुलांसह येऊन राहिला होता आणि हळूहळू तिची एकेक खोली घेत चालला होता. मी तिला घेऊन चावडीवर गेले. तोच कारकून होता, केस पिकलेले. त्यानं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, "बाई, घरात दिराचाही वाटा आहे. आपल्या वाट्याच्या घरात आलेल्याला मी शिरला असं कसं लिहू? हा वाटणीचा तंटा. न्यायाधीशांकडे जा. तिथं वेळ लागेल."

"तोवर?" तिनं विचारलं.

त्यानं हात पसरले. त्याचा दोष नव्हता. त्याच्यासमोर जे होतं त्यातून त्याला गुन्हा काढता येत नव्हता, आणि न काढल्यानं तिचा त्रास काही कमी होत नव्हता.

तो तंटा काही वर्षं चालला. शेवटी तिला मागची एक खोली आणि आडाची वहिवाट मिळाली. ती तिथंच राहते. दिराची मुलं तिच्या दारावरून पळत जातात, कधी आतही येतात, आणि ती त्यांना काही म्हणत नाही. मी मधून मधून जाते. आम्ही दोघी दारात बसतो आणि ती मला गूळपाणी देते.